हंसाच्या पोटातलं पाणी

माझ्या आईच्या माहेरी जायचं तर पोहता यावं लागतं, आणि आमच्या घरात कुणालाच पोहता येत नाही.

माहेराचं नाव निंबोळी. वाईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. नकाशावर शोधायला जाऊ नका, तिथे आता नुसता निळा रंग आहे. आई लग्न होऊन सांगलीला आली आणि तिच्या पाठोपाठ गाव उठलं. माणसं गेली लोणंदकडे, नव्या जमिनींवर. आणि गावात राहायला आलं धरणाचं पाणी. (धरणाचं नाव सांगत नाही. तिथे होडी घालायला परवानगी लागते, हे मला नंतर कळलं!)

आता आमच्याकडे रीत अशी, की लग्नानंतर नवी नवरी पहिल्यांदा माहेरी येते ती मांडवपरतणीला. दारातला मांडव उतरायच्या आत यायचं, गावदेवाला नारळ ठेवायचा, त्याच्याच देवळातल्या जोगूबाईची ओटी भरायची आणि मग निवांत सासरचं व्हायचं. आईच्या वेळेला मांडव तर उतरलाच, त्याच्या मागोमाग घराचे वासेही उतरले. तिला थेट लोणंदजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं, जेवू घातलं आणि परत पाठवलं.

"ती कसली मांडवपरतणी!" आई अजून म्हणते. "पावण्याकडं जाऊन आल्यावानी आले. माझी मांडवपरतणी ऱ्हायलीच."

या राहिलेल्या मांडवपरतणीबरोबर मी लहानाचा मोठा झालो. भाजीत मीठ जास्त पडो, माझ्या बायकोचं माहेरपण दोन दिवस लांबो, नाहीतर टीव्हीवर कुणाचं लग्न लागो, विषय फिरून निंबोळीलाच पोचायचा. वैशाखात पाणी ओसरलं की तिथल्या भैरोबाचा कळस पाण्याबाहेर डोकं काढतो. दर वर्षी मी आईला गाडीतून धरणाच्या रस्त्यावर नेतो. तिथून कळस तिळाएवढा दिसतो. आई डोक्यावरचा पदर सावरून हात जोडते, खूप वेळ बघत उभी राहते आणि परतीच्या वाटेवर बोलत नाही.

यंदा मात्र ती बोलली.

"दिल्या, औंदा मला जवळ न्ये. हात लावायचाय मला कळसाला. पुढच्या साली कळस वर येईल, पर मी आसंन का न्हाई, कुणी सांगावं?"

मी म्हटलं, मासेमारीची एखादी होडी ठरवू. तर आई उसळली, "जोगूबाईला पुरणाचा निवद घिऊन मी मासळीच्या होडीतनं जाऊ व्हय? घरची होडी बग!"

घरची होडी! सांगलीत आमचं दीड खोल्यांचं दुकान आणि वर तीन खोल्यांचं घर. पण आईनं सांगितलं म्हणजे सांगितलं. शोधता शोधता वाईजवळ एक हुरडा पार्टीवाला सापडला. त्याचा धंदा बसला होता आणि त्याच्या तळ्याकाठी एक हंस बसला होता. पायडल मारून चालवायचा, फायबरचा, पांढराशुभ्र (एके काळी). पुढे दोघांनी बसून पाय मारायचे, मागे बाकावर तिसऱ्यानं आरामात बसायचं आणि सगळ्यांच्या पुढे हंसाची उंच मान.

"किती द्यायचे?" मी विचारलं.

"न्या ओ तसाच! माझी ट्रॅक्टर वळवायची जागा तरी मोकळी हुईल," तो म्हणाला.

फुकट मिळालेल्या वस्तूला खोट असते हे मला कळायला हवं होतं, कारण माझा धंदाच खोटीचा आहे. नळ आणि पाइपांचं माझं दुकान. बोर्डावर मी मोठ्या हौसेनं लिहून घेतलंय, 'गळती कुठेही असो, आम्ही शोधतो!' हे वाक्य पुढच्या आठवडाभरात माझ्या बायकोनं इतक्या वेगवेगळ्या सुरांत म्हणून दाखवलं की बोर्ड उतरवून माळ्यावर टाकावा असं मला वाटायला लागलं.

हंस पिकअपमध्ये घालून आम्ही लोणंदला आबादादांच्या शेतावर आणला. आबादादा म्हणजे माझे मामेभाऊ. फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, मिशांना पीळ, बोलण्यात हिंदी आणि कुठल्याही कामात आधी हुकूम मग विचार. त्यांच्याकडे शेततळं होतं, तेव्हा चाचणी तिथेच घ्यायची ठरली.

हंस पाण्यात सोडला. सोडल्या सोडल्या तो डाव्या अंगावर कलला आणि तसाच राहिला, जेवण जड झालेल्या माणसासारखा.

"लेफ्टला वजन हाय!" आबादादा गरजले. "राइटला बस रं तू!"

मी उजवीकडे बसलो. हंस उजवीकडे कलला. मी उतरलो. हंस पुन्हा डावीकडे! बसायच्या जागेत पाण्याचा थेंब नाही, बाक कोरडा, पायडलं कोरडी, आणि तरी तो दारुड्यासारखा या कुशीवरून त्या कुशीवर. सुमन, म्हणजे माझी बायको, काठावरून म्हणाली, "अहो, तुमच्या बोर्डावर काय लिहिलंय?"

शेवटी आई पुढे झाली. काठाशी बसून तिनं हंसाच्या पाठीवर थाप मारली, कान लावला, पुन्हा थाप मारली.

"ह्येच्या पोटात पाणी झालंय," ती म्हणाली.

खरंच होतं! हंसाला दोन कातड्या होत्या, एक आतली आणि एक बाहेरची, आणि दोन्हींच्या मध्ये पोकळ पोट. त्या पोटात बादल्याच्या बादल्या पाणी खळखळत होतं. आम्ही चौघांनी मिळून हंस काठावर ओढला (तेव्हा कळलं, पाणी किती जड असतं!) आणि मी त्याच्याभोवती फिरून तपासणी सुरू केली. बघतो तर शेपटीखाली, अगदी तळाला, अंगठा जाईल एवढं गोल भोक, अर्धं गाळानं बुजलेलं, थेंबथेंब गळणारं!

"सापडली!" मी ओरडलो. "गळती सापडली!"

माझ्या पिशवीत दुकानातलं लुकण होतंच. दोन पुड्या मळायच्या, भोकात ठासायच्या, तासाभरात दगड. मी ते भोक असं काही बुजवलं की आबादादांनीसुद्धा मान डोलावली. सुमनकडे मी नुसतं बघितलं. बोर्डाविषयी काही बोललो नाही. मोठेपणा असा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंस पुन्हा पाण्यात घातला. पुन्हा डावीकडे!

"आता कुठनं शिरलं पाणी?" मी म्हणालो.

आबादादांनी मिशीला पीळ दिला. "शिरलं न्हाई रं. ते गेलंच कुठं व्हतं? काल तू दार लावलंस, तवा पाणी घरातच व्हतं की!"

म्हणजे झालं होतं असं, की ते भोक गळतीचं नव्हतंच. पोटात साठलेलं पाणी सोडून द्यायला कंपनीनंच ते ठेवलं होतं आणि त्याचं बूच कधीतरी हरवलं होतं. हंस काठावर आणल्यावर ते पाणी आपोआप निघून जायचं, तर तेवढा वेळही मी त्याला दिला नव्हता. सगळं पाणी आत ठेवून मी बाहेरून कायमचं सील मारलं होतं!

"मग काढा ते लुकण," सुमन म्हणाली.

"निघत नाही ते. कधीच निघत नाही. गॅरंटी आहे त्याची," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मालाचा राग आला.

शेवटी त्या भोकाशेजारी ड्रिलनं दुसरं भोक पाडलं. हिरवंगार पाणी फूटभर लांब उडालं आणि सोबत दोन बेडूक बाहेर आले, तेही रागावलेले. नव्या भोकाला मी पितळी बूच बसवलं, आट्यांचं, फिरवून काढता-घालता येणारं. इथे थांबायला हरकत नव्हती. शहाणा माणूस थांबला असता. पण माझ्या डोक्यात किडा वळवळला, की एवढं पाणी त्या एकाच भोकातून गेलं असेल कशावरून? आणखी कुठे चीर असली तर? बरोबर माझी आई असणार आहे!

"आत रंगीत पाणी भरू," मी म्हणालो. "जिथून रंग बाहेर येईल तिथे गळती. आम्ही टाक्या अशाच तपासतो."

रंग कुठून आणायचा? सुमनच्या माहेरी सांगलीत हळदीची अडत. तिच्या बॅगेत कपडे कमी आणि हळद जास्त असते. आबादादांना द्यायला आणलेली अख्खी पिशवी तिनं पुढे केली. "थोडीच टाका हं," असं ती म्हणेपर्यंत आबादादांनी सगळी पिपात ओतली होती, आणि पिपातलं ते पिवळं पाणी बादलीनं भरायचं सोडून त्यांनी सरळ मोटरीला जोडलं आणि नळी बुचाच्या भोकात खोचली.

"आबादादा, प्रेशर जास्त होईल!"

"फिकर नॉट! दम दिल्याशिवाय चोर बोलत न्हाई!"

बटण दाबलं. हंसाचं पोट तट्ट फुगलं, आतून गुरगुर आवाज आला, आणि चोर बोलला! मान जिथे धडाला जोडली होती तिथल्या सगळ्या सांध्यातून पिवळी कारंजी सुटली. आबादादांच्या मिशा पिवळ्या झाल्या, सुमनचा पंजाबी ड्रेस पिवळा झाला, मी तर तोंड उघडूनच उभा होतो. आणि हंसाच्या अगदी समोर, मानेत काय दिसतंय ते वाकून बघत उभी होती माझी आई. डोक्यापासून पायापर्यंत हळदच हळद!

मोटर बंद झाली. आता आई कुणाकुणाला फैलावर घेणार म्हणून आम्ही तिघंही माना खाली घालून उभे राहिलो. पण मी बघितलं तर ती आपल्या पिवळ्या हातांकडे बघत होती. मग तिनं एक बोट गालावरून फिरवलं.

"लगनात बी मला एवढी लावली नव्हती गं, सुमे," ती म्हणाली आणि हसली. "घाईच लय व्हती तवा. गाव उठत हुतं."

आबादादा उगीचच मोटरीची वायर गुंडाळायला लागले.

मानेचे सांधे मी बुजवले, चांगले वाळू दिले. हंस मात्र धुऊन धुऊनही पांढरा झाला नाही. हंसाचं पिवळं बदक झालं ते झालंच.

मांडवपरतणीचा दिवस ठरला. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही धरणाच्या काठावर होतो. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. पिशवीत खण, दोन नारळ, तांदूळ, बांगड्या, हळदकुंकू आणि पुरणपोळ्यांची शिदोरी. शिवाय एक रिकामी तांब्याची कलशी. ती कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

पोहायला कुणालाच येत नसल्यामुळे आबादादांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबा फुगवून आणल्या होत्या. एक त्यांच्या कमरेला, एक माझ्या. आईच्या कमरेला ट्यूब घालताना सुमन हसू दाबून लालबुंद झाली होती. ट्यूबेच्या वर आई, ट्यूबेच्या खाली लुगडं.

"हसती काय? मुराळी बी असलं गाठोडं न्हेत न्हाई!" आई म्हणाली आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसली.

आता पूजा. नव्या गाडीची पूजा करायची तर चाकाखाली लिंबू ठेवतात. हंसाला चाकं नाहीत. मग लिंबं पायडलाखाली ठेवून चिरडली. हार घातला. राहिला नारळ. फोडायला काठावर दगड शोधला, तर सगळा गाळच गाळ.

"दगड कशाला पायजे?" आबादादा म्हणाले. त्यांनी नारळ उचलला, "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी ठोकली आणि दाणकन हंसाच्या छातीवर हाणला!

नारळ फुटला. पण 'खाड' असा आवाज मला दोनदा ऐकू आला.

"दुसरा आवाज कसला?" मी विचारलं.

"डोंगरावरनं घुमला," आबादादा म्हणाले.

सुमन काठावर थांबली. आम्ही तिघं निघालो, पुढे पायडल मारत मी आणि आबादादा, मागे बाकावर आई. पाणी शांत, वारा पडलेला, आणि हंस सरळ! डावीकडे नाही, उजवीकडे नाही. माझी छाती फुगली. आई एकटक समोर बघत होती. कळस तिळाएवढा होता तो सुपारीएवढा झाला, मग मुठीएवढा.

"आबादादा, पायडल जड लागतंय का?"

"तुजी सवय मोडलीय. दुकानात बसून बसून."

जरा वेळानं मी म्हटलं, "हंसाची मान खाली झाल्यासारखी वाटते."

"नमस्कार करतंय ते. देवाच्या जवळ आलो नव्हं?"

एवढ्यात माझे पाय ओले झाले. वाकून बघितलं तर पायडलाच्या फटीतून पाणी वर येत होतं.

"आबादादा! फौजेत तुम्ही होड्या चालवल्यात ना?"

"चालवल्यात म्हंजी… बघितल्यात."

"कुठे बघितल्यात?"

"फोटूत. आरं, माजी सगळी सर्व्हिस जैसलमेरला झाली! तितं प्यायला पाणी न्हवतं, होड्या कुठल्या!"

ही माहिती अर्ध्या धरणात मिळाली. मी पुरणाचा डबा रिकामा केला (पोळ्या मांडीवर घेतल्या) आणि पाणी उपसायला लागलो. आबादादा डब्याच्या झाकणानं उपसायला लागले. धरणातलं पाणी धरणात टाकायचं, ते पुन्हा आत यायचं. "एक-दो! एक-दो!" आबादादा ताल देत होते. पोटाच्या दोन कातड्यांत भरणारं पाणी मात्र कुणाला उपसताच येत नव्हतं. पितळी बूच होतं, पण ते पाण्याखाली. उघडलं असतं तर जे बाहेर जायचं त्याच्या दुप्पट आत आलं असतं.

"आई, ती कलशी दे! लवकर!"

"कलशी न्हाई मिळायची." आईनं ती पोटाशी धरली. "त्या कामाची न्हाई ती."

"मग परत फिरू या! बुडतोय आपण!"

"परत?" ती एवढंच म्हणाली. कळस आता माणसाएवढा समोर होता. मी आबादादांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघांनीही मुकाट्यानं पुढेच पायडल मारलं.

हंस कळसाला जाऊन टेकला. वर एक पाणकावळा बसला होता, तो उडून गेला. शेवाळ वाळून पांढरा पडलेला दगडी कळस. आईनं आधी काय केलं असेल? तिनं डोक्यावरचा पदर काढला.

माहेरी लेक डोक्यावर पदर घेत नाही, हे मला माहीत होतं. पण उघड्यावर, ऊनवाऱ्यात आईला बोडक्या डोक्यानं मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. तिचे पांढरे केस वाऱ्यानं उडत होते आणि ट्यूबेसकट ती कळसाला मिठी मारून बसली होती.

"हितनं खाली पायऱ्या," ती म्हणाली. बोट सरळ पाण्यात. "त्या पायऱ्यांवर आबाच्या बापाला मी खेळवायची. तकडं चिंच. चिंचंच्या मागं आपलं दार. आबा, दिसतंय का रं?"

"दिसतंय, आत्ती," आबादादा म्हणाले. त्यांचा आवाज फौजेतला राहिला नव्हता. खाली नुसतं हिरवं पाणी होतं.

माझ्या पोटरीपर्यंत पाणी आलं. "आई, आटप!"

"पन्नास वर्सांनी आलीय. टेकले न्हाई तवर उठू व्हय?"

मला तिला घाईही करवेना आणि बुडूही देववेना. गळती शोधणं एवढंच हातात होतं. हंसाच्या मानेला मिठी मारून मी पुढच्या बाजूनं उलटा खाली लोंबकळलो, आबादादांनी माझे पाय धरले. आणि दिसली! छातीवर, बरोबर नारळ मारलेल्या जागी, वीतभर चीर. तिच्यातून पाणी आत जात होतं आणि बुडबुड्यांबरोबर उरलीसुरली हळद बाहेर येत होती. कळसाभोवतीचं पाणी पिवळं होत चाललं होतं.

"डोंगरावरनं घुमला काय?" मी उलट्या डोक्यानं ओरडलो. आबादादांनी माझे पाय आणखी घट्ट धरले.

"काय तरी द्या! ठासायला काहीतरी द्या!"

लुकण गाडीत राहिलं होतं. पहिल्यांदा पुरणपोळीची घडी ठासली. चांगली बसली, पण तेवढ्यात खालून मासे आले आणि माझी गॅरंटी खाऊन गेले.

"दिल्या," वरून आईचा आवाज आला. "ह्यो घे."

तिच्या हातात खण होता, ओटीचा. जोगूबाईसाठी तिनं स्वतः पेठेत हिंडून निवडलेला, काठाचा.

"आई, तो देवीचा आहे."

आई कळसाकडे वळली. "जोगूबाई, तुज्या लेकीच्या होडीला लावते गं तुजा खण," ती म्हणाली. "तुज्याकडं आलेली लेक बुडाली तर नाव तुजंच जाईल. बाकीची ओटी घे."

तांदूळ, बांगड्या, नारळ, हळदकुंकू तिनं कळसापाशी पाण्यात सोडलं. मी खण चिरेत ठासला. भिजून तो फुगला आणि असा काही घट्ट बसला की माझ्या दुकानातल्या एकाही मालाला ते जमलं नसतं!

परतीची वाट फार लांब होती. पोटभर पाणी घेऊन हंस मुंगीच्या पावलांनी चालला होता. आई पाठ फिरवून, कळसाकडे तोंड करून बसली होती. कळस मुठीएवढा झाला, सुपारीएवढा झाला, तेव्हा कुठे तिनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला. काठ जवळ आला आणि गुडघाभर पाण्यात हंसानं शांतपणे बैठक मारली. तो आता उठणार नव्हता. आम्ही उतरून चालत आलो.

पिकअपला दोर बांधून हंस चिखलावर ओढला. "सोडा ते पाणी," सुमन म्हणाली. मी शेपटीखालचं पितळी बूच फिरवायला लागलो.

"थांब! सांडू नगंस!" आई ट्यूबेसकट धावत आली आणि तिनं कलशी खाली धरली.

"आई, ते घाण आहे. हळद आहे त्यात."

"आसू दे. ह्ये कुठं शिरलं आत? निंबोळीवर शिरलं. म्हंजी माज्या माहेरचंच की न्हाई? मांडवपरतणीवरनं लेक रिकाम्या हातानं येत नसती."

ज्या पाण्यासाठी आम्ही तासभर जिवाच्या आकांतानं डबे-झाकणं चालवली, ते पाणी आईनं थेंबही न सांडता भरून घेतलं, वर फडकं बांधलं आणि सांगलीपर्यंत मांडीवर आणलं. बाकीचं वाहून गेलं. पिवळा ओघळ चिखलातून पुन्हा धरणात शिरला.

कलशी आता आमच्या देवघरात आहे. आणि पंधरा-वीस दिवसांत माझ्या लक्षात आलं, की तिच्यातलं पाणी कमी होतंय! म्हणजे कलशीला गळती. आता मात्र मी इरेला पेटलो. कलशी उजेडात धरून बघितली, खाली कागद ठेवून बघितला. कागद कोरडा, पाणी कमी! शेवटी आईला न सांगता तळाला सगळीकडून लुकण थापलं. तरी पाणी कमी!

परवा सकाळी चहाच्या आधी मी देवघराच्या दाराशी गेलो तर आई कलशीपुढे बसली होती. फडकं सोडलेलं. तिनं बोट बुडवलं, एक थेंब एका डोळ्याला लावला, एक दुसऱ्या डोळ्याला. आणि डोक्यावर पदर नव्हता.

मला बघून ती जराशी लाजली.

"एवढुसंच घेते रं. पुढच्या वैशाखापतोर पुरवायचं हाय मला," ती म्हणाली. मग कलशी हळूच खाली ठेवली. ती एका बाजूला कलली. "आन् दिल्या, ह्या कलशीच्या बुडाला ह्ये टेंगूळ कुणी आणलं? सरळ बसतच न्हाई ती, आपल्या हंसावानी!"

गळती कुठे आहे ते मला आता अगदी बरोबर सापडलं होतं. आणि नेहमीप्रमाणे मी सील मात्र दुसरीकडेच मारून बसलो होतो!